हुकूम देणाऱ्यावर खटला कधी? महाराष्ट्र-गोव्याच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातून लोकसभेत व राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय खासदार

सप्रेम नमस्कार.

लोकसभेतले महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २, राज्यसभेतले १९ आणि १, असे तुम्ही ७० जण आहात. पक्ष वेगवेगळे आहेत आणि हे पत्र त्यातल्या कुठल्या एका पक्षासाठी नाही. मुद्दा आधीच सांगतो. दुसऱ्या देशावर सैन्य घालायचा हुकूम जो राज्यकर्ता देतो, त्याच्यावर त्या हुकमासाठी खटला चालला पाहिजे. देशावर नव्हे, शिपायावर नव्हे, हुकूम देणाऱ्यावर. हा नियम जगात पक्का व्हावा म्हणून भारताने बोलायला हवं. आपण बोलत तर नाहीच, संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाच्या वेळीही तटस्थ राहतो. हे मला मान्य नाही.

माझे वडील कुवेतमध्ये शुवैखच्या एका गॅरेजात फिटर होते. दापोली, मंडणगड, खेड भागातल्या किती घरांच्या चुली तेव्हा आखाती पैशावर पेटायच्या, हे तुमच्यापैकी कोकणातून निवडून आलेल्यांना सांगायला नको. गोव्याचंही तेच. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि दोन दिवसांत देश ताब्यात गेला. त्याच महिन्यात कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर झालं. कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणून ठेवला, म्हणजे बाबांनी ट्रंकेत जपलेल्या नोटांची रद्दी झाली. पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या तिथल्या मालकाकडे, होता आणि कफील सौदीत निघून गेला होता. बसरा, बगदाद करत माणसं जॉर्डनच्या सीमेवर पोचली, वाळवंटातल्या तंबूंत पाण्याच्या रांगांत उभी राहिली आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आली. एअर इंडियाने त्या दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त भारतीयांना आणलं. त्या वैमानिकांचं, कर्मचाऱ्यांचं आणि तेव्हाच्या सरकारचं ऋण आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. बाबा मुंबईच्या सहार विमानतळावर उतरले तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक रेग्झिनची पिशवी एवढंच होतं. पिशवीत पगाराच्या पावत्या होत्या, रबर बँड लावून ठेवलेल्या.

त्या पावत्या पुढे कामी आल्या. एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६८७ केला आणि कुवेतवरच्या बेकायदा आक्रमणाने झालेल्या नुकसानीला इराक जबाबदार आहे असं ठरवलं. जिनिव्हात नुकसानभरपाई आयोग बसला. जगभरातून २६ लाखांहून जास्त दावे आले. शेवटी सुमारे १५ लाख दावेदारांना मिळून ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले. भारत सरकारने आपल्या कामगारांचे दावे गोळा करून पुढे पाठवले. त्यात बाबांचाही होता, सगळ्यात साध्या वर्गातला, ‘देश सोडून जावं लागलं’ म्हणून ठरावीक रक्कम देण्याचा. काही हजार डॉलर, तेही हप्त्यांनी, वर्षं उलटल्यावर. त्यातून घराला स्लॅब पडला.

पण हे पैसे आले कुठून? इराकच्या तेलाच्या विक्रीतून कापून. ज्या इराकी माणसाला कुवेतवर चाल करायची की नाही हे कोणी विचारलंही नव्हतं, त्याच्या आणि त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याचे. हुकूम देणारा माणूस मात्र त्यानंतर बारा वर्षं बगदादमध्ये सत्तेवर होता. ३० डिसेंबर २००६ ला त्याला फाशी झाली, ती दुजैल गावातल्या १४८ पुरुष-मुलांच्या हत्येबद्दल. तो खटला गरजेचा होताच. पण बातम्या बघताना बाबांनी विचारलं होतं, ‘कुवेतचं काय झालं?’ कुवेतचं काहीच झालं नाही. इराकच्या त्या विशेष न्यायाधिकरणाच्या कायद्यात, एखाद्या अरब देशाविरुद्ध लष्कर वापरायला कारण ठरणारं धोरण राबवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला होता. तरी कुवेतवरच्या आक्रमणाचा खटला कधी चाललाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि या वेळी संन्यासी म्हणजे अख्खा देश होता.

शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. २२ फेब्रुवारी २०२२ ला सुरक्षा परिषदेने ठराव २६२१ करून त्या आयोगाचं काम संपल्याचं जाहीर केलं. त्या वर्षी भारत परिषदेचा सदस्य होता. एका आक्रमणाचा हिशेब मिटवायला तीस वर्षं लागली आणि तो मिटल्यावर दोनच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, परिषदेच्याच एका कायम सदस्याने, रशियाने, युक्रेनवर फौजा घातल्या. २५ तारखेला परिषदेत त्यावर मतदान झालं. भारत तटस्थ राहिला.

माझी तक्रार इथून सुरू होते.

पहिली गोष्ट २ मार्च २०२२ ची. त्या दिवशी आपल्या दूतावासाने खारकीवमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना कळवलं की शहर ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत बाहेरच्या वस्त्यांवर पोचा, गाडी मिळत नसेल तर चालत जा. पेसोचिन ११ किलोमीटर, बाबाये १२, बेझ्ल्युदिव्का १६. मार्चमधला बर्फ, वर तोफांचा मारा, पाठीवर सॅक आणि आपली विशीतली मुलं. आदल्याच दिवशी किराणा दुकानासमोर रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी गेला होता. महाराष्ट्रातली मुलंही तिथे होती. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा त्यांच्या आईवडिलांचे फोन घेतले, पाठपुरावा केला, हे मला माहीत आहे. ‘ऑपरेशन गंगा’ने २२ हजारांहून जास्त माणसं परत आणली. त्याच २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण होतो. मुलं अडकलेली असताना सरकारला दोन्ही बाजूंशी बोलायचं होतं, त्यामुळे त्या दिवसाचं मत मी एक वेळ समजून घेतो.

१४ नोव्हेंबर २०२२ चं मत मात्र समजून घेता येत नाही. तोवर मुलं घरी पोचून महिने झाले होते. ठराव होता तो रशियाने आक्रमणाच्या नुकसानीची भरपाई द्यावी आणि त्या नुकसानीची नोंद ठेवली जावी, एवढाच. ९४ देश बाजूने होते, १४ विरोधात, ७३ तटस्थ. भारत पुन्हा तटस्थ. आक्रमणाची भरपाई ज्या देशाच्या हजारो कामगारांनी हातात घेतली, ज्याने त्यांचे अर्ज स्वतः भरून पाठवले, तो देश दुसऱ्यांच्या भरपाईच्या वेळी कानावर हात ठेवतो? आमच्या घरावरचा स्लॅब ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व युक्रेनच्या माणसाला लागू नाही का?

दुसरी तक्रार ५ एप्रिल २०२२ बद्दलची. युक्रेनमधल्या बुचा इथल्या हत्याकांडाचा भारताने सुरक्षा परिषदेत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. मला त्याचं समाधान वाटलं. पण बुचाच्या रस्त्यावर माणसं मारणारे रशियन सैनिक तिथे आपण होऊन आलेले नव्हते. त्यांना सीमा ओलांडायला कोणीतरी सांगितलं होतं. त्या सांगण्याची चौकशी का नको? दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४६ मध्ये आक्रमक युद्ध सुरू करणं हा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरवला, कारण पुढचे सगळे गुन्हे त्याच्याच पोटात असतात. त्या आरोपाखाली तिथे १२ जण दोषी ठरले. शांततेविरुद्धचा गुन्हा (आक्रमक युद्धाच्या गुन्ह्याचं तेव्हाचं नाव) ही कल्पना कायद्यात आणण्यात सोव्हिएत कायदेपंडित आरोन ट्रायनिन यांचा मोठा वाटा होता, म्हणजे आज मॉस्कोला जो कायदा नको आहे तो घडवायला मॉस्कोचाच हातभार लागलेला आहे. आपल्या बाजूनेही सांगायचं तर ते युद्ध थांबवायला माणगावचे यशवंत घाडगे आणि संगमनेरकडचे नामदेव जाधव इटलीत लढले होते, जर्मन मशीनगनांच्या समोर. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे परत आले नाहीत.

आज स्थिती अशी आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ ला व्लादिमीर पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, पण ते युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याबद्दल. युद्ध सुरू केल्याबद्दल नाही, कारण तो अधिकार त्या न्यायालयाकडे नाही. हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं त्या रोम करारात जो देश नाही त्याच्या नेत्यावर, सुरक्षा परिषदेने सांगितल्याशिवाय, आक्रमणाचा खटला तिथे चालत नाही, आणि सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे. ही फट बुजवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सदस्य देशांचं खास अधिवेशन झालं. जर्मनी, कोस्टारिका, सिएरा लिओन, स्लोव्हेनिया, वानुआटू यांनी दुरुस्ती मांडली. ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा यांसारख्या देशांनी ती अडवली आणि विषय २०२९ वर ढकलला. युक्रेनच्या बाजूने भाषणं करणारे काही देश, नियम आपल्यालाही लागू होईल म्हटल्यावर मागे सरले. युरोप परिषदेने २५ जून २०२५ ला स्ट्रासबर्गमध्ये युक्रेनशी करार करून आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरणाची तयारी केली खरी, पण त्यातही राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री खुर्चीवर असेपर्यंत त्यांच्यावर खटला पुढे सरकणार नाही. खुर्ची सोडली तर खटला, मग खुर्ची सोडेल कोण?

तिसरी तक्रार घरातली आहे आणि ती थेट तुमच्याशी आहे, कारण कायदे तुम्ही करता. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ ला १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जनकुमार खटल्याचा निकाल देताना लिहिलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशाच्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बंद व्हायला हवी. पुढे पाचच वर्षांत संसदेने अख्खी दंडसंहिता नव्याने लिहिली. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्यात वंशसंहार नाही, मानवतेविरुद्धचे गुन्हे नाहीत, आक्रमणाचा गुन्हा नाही. कलम १५३ तेवढं आहे : भारताशी शांततेचे संबंध असलेल्या परदेशी सरकारविरुद्ध कोणी युद्ध केलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. ते इंग्रजांच्या काळापासून चालत आलं आहे. बंदूक घेऊन सीमेपलीकडे गेलेल्या एकट्यादुकट्याची सोय त्यात आहे. रणगाडे पाठवणाऱ्यासाठी काही नाही. संहिता लिहिली जात असताना हे कोणी सुचवलं असतं तर निदान कामकाजात नोंद तरी राहिली असती.

यावर जी उत्तरं येतात ती मी ऐकली आहेत, आणि ती टाकाऊ नाहीत.

रशिया आपला जुना मित्र आहे, १९७१ मध्ये सुरक्षा परिषदेत तोच आपल्या बाजूने उभा राहिला, असं म्हणतात. खरं आहे. पण मी मैत्री तोडा म्हणत नाही, तेल घेऊ नका म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी १६ मार्च २०२२ ला, रशियाने लष्करी कारवाई थांबवावी या अंतरिम आदेशाच्या बाजूने मत दिलं, १३ विरुद्ध २. न्यायाधीश स्वतःच्या बुद्धीने मत देतात, सरकारच्या नव्हे, हे मला कळतं. तरी एका भारतीयाने कायदा वाचून असं म्हटलं म्हणून भारत-रशिया मैत्रीवर ओरखडाही आला नाही.

दुसरं उत्तर : अमेरिकेने इराकमध्ये जे केलं त्याचं काय? अगदी बरोबर प्रश्न आहे. मार्च २००३ च्या त्या युद्धाला सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये ते बेकायदा असल्याचं सांगितलं. बुश यांच्यावर खटला झाला नाही, ब्लेअर यांच्यावरही नाही. ब्रिटनमध्ये ब्लेअर यांच्याविरुद्ध खासगी खटल्याचा प्रयत्न झाला, तेव्हा आक्रमणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यात नाही म्हणून उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो थांबवला. म्हणजे देशाच्या कायद्यात ओळ नसेल तर काय होतं याचा धडा समोर आहे. आणि त्या वेळी आपण गप्प बसलो नव्हतो. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने एकमताने इराकवरच्या कारवाईची निंदा करणारा ठराव केला. लोकसभेचे अध्यक्ष तेव्हा आपल्या महाराष्ट्राचे मनोहर जोशी होते. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. अमेरिकेशी संबंध नुकते सुधारत होते, तरीही. युक्रेनवर २०२२ च्या एप्रिलमध्ये लोकसभेत चर्चा झाली, पण तिच्यातून ठराव निघाला नाही. इराकच्या वेळी जे जमलं ते युक्रेनच्या वेळी का जमू नये?

तिसरं उत्तर सगळ्यात गंभीर आहे : उद्या हाच कायदा आपल्या नेत्यांवर उगारला गेला तर? पहलगामनंतर मे २०२५ मध्ये भारताने सीमेपलीकडे कारवाई केली, त्यामुळे ही शंका अनेकांच्या मनात असणार, आणि ती मला खोटी वाटत नाही. पण रोम करारासाठी २०१० मध्ये कंपाला इथे मान्य झालेली आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या वाचा. स्वरूप, गांभीर्य आणि व्याप्ती यांवरून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं उघड उल्लंघन दिसेल तेव्हाच तो आक्रमणाचा गुन्हा ठरतो, आणि फक्त देशाच्या राजकीय वा लष्करी कारभारावर ज्याची प्रत्यक्ष हुकमत आहे त्याचाच. स्वसंरक्षणाचा हक्क सनदेच्या कलम ५१ मध्ये शाबूत आहे. १९४७, १९६२, १९६५, १९९९ या साली आपल्या भूमीवर दुसऱ्यांच्या फौजा आल्या, हा आपला स्वतःचा इतिहास आहे. या कायद्याचा आधार लागेल तो आपल्याला, असंच तो इतिहास सांगतो.

आणि न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव घेणाऱ्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यात या भारतीय न्यायाधीशांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला, आणि आपल्याकडे त्याचा अभिमान बाळगतात. जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. त्यांचं म्हणणं असं होतं की युद्ध सुरू करणं हा त्या काळच्या कायद्यात गुन्हा नव्हता, आक्रमणाची व्याख्या नव्हती, आणि जेत्यांनी जितांवर मागाहून कायदा लादू नये. व्याख्या १४ डिसेंबर १९७४ ला आमसभेने मतदानाशिवाय मान्य केली. गुन्हा २०१० मध्ये लिहिला गेला, १७ जुलै २०१८ पासून हेगच्या न्यायालयाला त्याचा अधिकार मिळाला. कायदा आता आधीपासून आहे. उरला आहे तो त्यांचा शेवटचा आक्षेप, कायदा फक्त हरलेल्यांनाच लागतो हा, आणि तो दूर करायचा तर नियम सगळ्यांना लावायला हवा, मॉस्कोला आणि वॉशिंग्टनलाही. १९९८ मध्ये रोममध्ये आपण तटस्थ राहिलो ते सुरक्षा परिषदेला न्यायालयावर दिलेल्या अधिकारांवर हरकत म्हणून. ती हरकत आजही रास्त आहे. मग ती घेऊन टेबलाशी बसा. बाहेर उभं राहून इतक्या वर्षांत काय बदललं?

माझ्या मागण्या अशा :

एक. भारतीय न्याय संहितेत वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा यांची भर घालणारं विधेयक आणा. घटनेचं कलम ५१ राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवायला सांगतं आणि कलम २५३ संसदेला तसा कायदा करायचा अधिकार देतं. सरकार आणत नसेल तर खासगी विधेयक मांडा, पण पक्षापलीकडे जाऊन दोन-चार जणांनी मिळून पाठिंबा द्या.

दोन. संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीने या विषयावर जाहीर सूचना मागवाव्यात, माजी राजदूत, लष्करी अधिकारी आणि कायद्याच्या प्राध्यापकांना बोलवावं आणि भारताची भूमिका काय असावी याचा अहवाल २०२९ च्या आधी द्यावा.

तीन. आक्रमणाच्या भरपाईचा ठराव पुन्हा येईल तेव्हा भारताने बाजूने मत द्यावं. आक्रमण करणारा कोणीही असो.

चार. हेगच्या न्यायालयाचं किंवा त्या विशेष न्यायाधिकरणाचं वॉरंट ज्याच्यावर आहे त्या नेत्याचं आपल्या देशात स्वागत करायचं असेल, तर त्यामागचं कारण सरकारने संसदेत निवेदन करून सांगावं. रोम करारात नसल्यामुळे अटक करण्याचं बंधन भारतावर नाही. पण उत्तर देण्याचं बंधन मतदारांकडून येतं, करारातून नव्हे.

तारांकित प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि खासगी सदस्यांचं कामकाज शुक्रवारी दुपारी होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. येत्या अधिवेशनातल्या अशा एका शुक्रवारी तुमच्यापैकी कोण उभं राहणार, ते मला लेखी कळवा. येणारी उत्तरं नावानिशी, जशीच्या तशी, मी सगळ्यांना वाचायला देईन. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांच्या नावापुढे तसं लिहीन.

आपला,
कुवेतहून परतलेल्या एका कामगाराचा मुलगा
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी